अर्सेनियाची रेघ

"सही कर," म्हणत डॉ. कासिमिरोंनी कागद लुझविमिंडाच्या पुढ्यात टाकला. सरकवला नाही, टाकलाच.

लुझने सही केली नाही, आधी वाचला. या प्रयोगशाळेतले नमुने तपासायचं काम एकोणीस वर्षं तिच्याकडे होतं आणि तिच्या सहीशिवाय एकही आकडा दाराबाहेर जात नसे. डॉक्टरांना ती नेमकी याच कारणासाठी डोळ्यासमोर नको असे.

मनिलातल्या कॉल सेंटरांत राबणाऱ्या दोनशे माणसांच्या ताणाचा अभ्यास चालला होता. सकाळी डोळे उघडले की कॉफी नाही, पाव नाही, आधी नळीत थुंकायचं. अर्ध्या तासाने पुन्हा. तेवढ्या वेळात धडधाकट माणसाच्या लाळेतलं ताणाचं द्रव्य चढतं आणि कागदावरची रेघही चढते. तुलनेला शांत माणसं हवी होती, ती डॉक्टरांनी प्रयोगशाळेतल्या आपल्याच हाताखालच्यांतून उचलली. कोणाला विचारायची त्यांना सवय नव्हती.

त्यांतल्या अर्सेनियाची, बश्या सांभाळणाऱ्या मदतनिसाची, रेघ चढलीच नव्हती. तिच्या नावापुढे डॉक्टरांनी लिहिलं होतं: ताण नाही. आजपासून संध्याकाळची पाळीही हिच्याकडे.

"सर, आज तिच्या आईचा नववा दिवस. संध्याकाळी घरी शेवटची प्रार्थना आहे."

"माहीत आहे. फुलं पाठवली होती मी. आणि ही रेघ त्याच आठवड्यातली आहे, बघ नीट. सुतासारखी सरळ! आई गेली तरी हिला काही होत नाही. साठ बश्यांना रोज संध्याकाळी कोणीतरी खायला घालायला हवं. त्यांना सुट्टी नसते."

बश्या म्हणजे काचेच्या चपट्या वाट्या. त्यांत मेंदूच्या पेशी वाढवलेल्या, तळाशी तारा. पेशी एकमेकींशी बोलू लागल्या की कोपऱ्यातल्या स्पीकरमधून तापल्या तेलात मासा सोडल्यासारखी चरचर येई. आज चौदा नंबरची बशी स्पीकरला जोडली होती आणि खोलीत फक्त एसीची घरघर होती.

"चौदा नंबर ऐकू येतेय का सर?"

"मेली असेल. फेकून दे."

"मेली नाही. सहा दिवस तुम्ही तिला सारखे झटके देताय. फार झालं की पेशी आपले कान आपणच बंद करून घेतात. हे तुम्हीच लिहिलंत, गेल्या वर्षी. टाळ्याही घेतल्यात."

"ते पेशींबद्दल होतं."

"मग अर्सेनियाच्या डोक्यात काय आहे, भात?"

हे मात्र लागलं. डॉक्टर तडकून वळले आणि त्यांच्या कोपराने टेबलावरची मोठी बाटली खाली आली. पेशींचं गुलाबी खाणं फरशीभर झालं, काचा कपाटाखाली गेल्या. ते दोन क्षण तिकडे बघत राहिले. शरमेचा लवलेश नाही. उलट काहीतरी सुचल्यासारखा चेहरा उजळला.

"थांब, तुला दाखवतोच. अर्सेनिया!"

अर्सेनिया शेजारच्या खोलीतून आली. तिथलं दार सकाळपासून बंद होतं. पांढऱ्या कोटावर सुतकाची काळी पट्टी टाचलेली, हातात पेन तसंच.

"हे काय करून ठेवलंस? महिन्याभराचा साठा होता. आता मी कुठून आणू?"

अर्सेनियाने काचांकडे पाहिलं. "चुकलं सर."

"आजपासून संध्याकाळीही थांबायचंस."

"होय सर."

"काही अडचण?"

"नाही सर."

डॉक्टरांनी लुझकडे वळून हात पसरले. "बघितलंस? आवाजसुद्धा चढला नाही."

"सर, बाटली तुमच्या कोपराने पडली."

"मला ठाऊक आहे. तिने कसं घेतलं ते बघ."

लुझला या माणसाची अशी चीड कधीच आली नव्हती. आजवर नुसता कंटाळा होता, आज शिसारी आली. तिने पेन काढलं, अर्सेनियाच्या नावापुढचं सगळं आडवं खोडलं आणि वर लिहिलं: ही शांत नाही. हिला गटातून काढावं. खाली ठसठशीत सही केली.

"तुझं कंत्राट जूनपर्यंत आहे, विसरू नकोस."

"मग जूनपर्यंत माझी सही अशीच येईल."

"जूनची वाट कोण बघतंय? दुसरीकडे कोण घेतं तुला, तेच बघतो."

"बघा. आणि हा कागद फाडायचा असेल तर खुशाल फाडा. लाळेच्या नळ्यांच्या कपाटाची चावी माझ्याकडे आहे."

डॉक्टर कागद हिसकावून निघून गेले. दार असं आपटलं की पेशींच्या उबदार कपाटावरची बाळ येशूची मूर्ती हलली. लुझने ती सरळ केली आणि चौदा नंबरच्या बशीची झटक्यांची तार उपटून काढली. स्पीकर गप्पच होता. उद्या नाही तर परवा बोलेल, हे तिला अनुभवाने माहीत होतं.

ती वळली. अर्सेनिया गुडघ्यांवर बसून नुसत्या हातांनी काचा वेचत होती. कोटाची कड गुलाबी झाली होती.

"राहू दे ते. तू फोडलेलं नाहीस. ऊठ, घरी जा. प्रार्थनेला लोक येतील, संध्याकाळचं मी बघते."

"होय ताई," अर्सेनिया म्हणाली.

लुझने तिच्या हातून काच काढून घेतली, तिची पर्स आणून पुढ्यात ठेवली, दार उघडून धरलं.

"अर्सेनिया, घरी जा."

"होय ताई," ती म्हणाली, आणि दुसरी काच उचलली.