नॅन पायबसचं धुराडं

"नॅन उठली!" खिडकीच्या काचेला नाक लावून उभा असलेला कॉलिन ओरडला.

एनिड ट्रिफिटच्या हातातला कोकोचा पेला तसाच राहिला. म्हाताऱ्या नॅन पायबसला गावानं एप्रिलमध्येच पुरलं होतं.

"धुकं असेल रे ते."

"धुकं लोळतं, बाई. हे सरळ वर चाललंय."

मुलं धावली. बालवाडी चर्चच्या हॉलमध्ये भरायची आणि त्या खिडकीतून सगळी दरी दिसायची. इथला जुलै म्हणजे ऐन हिवाळा; सकाळी गवत पांढरंफटक, नळ गोठलेले. मुलं गमबूट भिरकावून आधी खिडकी गाठत आणि कुणाचं घर उठलं ते सांगत. धुराड्यातून धूर निघाला की ते घर उठलं. हा खेळ नॅननंच लावून दिलेला. तिच्यासाठी मात्र तो नुसता खेळ नव्हता. लहान मूल असलेल्या घराचं धुराडं गार दिसलं, की ती भाच्याला, लेसला, लाकडं घेऊन पिटाळायची. मागोमाग सुपाचं पातेलं घेऊन स्वतः जायची आणि निघताना त्या घरच्या बाईला सांगायची, "कधीही ये गं माझ्याकडे. किल्ली ओसरीवरच्या जुन्या बुटात असते."

एनिडनं काच पुसली. नदीपलीकडच्या उतारावर नॅनचं घर. त्याच्या धुराड्यातून निळसर धुराची एक बारीक रेघ वर चढत होती.

दाराशी खुंट्या होत्या. एका खुंटीवर लाल लोकरीची टोपी आठवडाभर तशीच लटकत होती. टॅम्सिनची. नॅननं विणलेली ती शेवटची टोपी. टॅम्सिनची छाती नाजूक. थोडा गारठा लागला की श्वासाची शिट्टी वाजायची. एनिड चौकशीला गेली तेव्हा टॅम्सिनच्या बापानं जाळीचं दार न उघडताच सांगितलं होतं, "गेल्या मायलेकी लॉन्सेस्टनला, मावशीकडे." त्याच्या तोंडाला सकाळीच बिअरचा वास येत होता. तेव्हापासून एनिडचं लक्ष त्या टोपीकडे जायचं. तिची आई नोलीन पोरीला बोडक्या डोक्यानं अंगणातसुद्धा सोडत नसे. ती टोपी विसरून एवढ्या लांब जाईल?

लेस लाकडांची मोळी घेऊन आत आला.

"लेस, नॅनच्या घरात कुणी राहतंय का?"

"राहतात की. उंदीर. महिना झाला, भाडं नाही दिलं मेल्यांनी."

"इकडे ये. बघ."

लेसनं बघितलं. त्याचं हसू मावळलं. मोळी खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

"असं होऊच शकत नाही," तो म्हणाला.

"अरे, डोळ्यांनी दिसतंय ना?"

"तेच म्हणतोय मी. चल, गाडीत बस."

त्या दिवशी मदतीला आलेल्या एका मुलाच्या आईवर मुलं सोपवून एनिड निघाली. जाताना तिनं खुंटीवरची टोपी खिशात घातली.

पूल ओलांडून गाडी चढ चढली. एनिडनं काच खाली केली. जळत्या लाकडाचा वास कुठेच नव्हता. ओसरीवर तो जुना बूट होता. त्यात किल्ली नव्हती. दार आतून बंद होतं.

"नोलीन," एनिडनं हाक मारली. "मी आहे, एनिड. बरोबर फक्त लेस आहे. तुझ्या नवऱ्याला कुणी काही सांगितलेलं नाही."

बऱ्याच वेळानं कुलपात किल्ली फिरली. नोलीनच्या डाव्या डोळ्याखाली जुना निळा वळ होता. ओठ थरथरत होते. बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठा होता. नॅनच्या पलंगावर घरातली सगळी पांघरुणं, पडदे, जमिनीवरची सतरंजीसुद्धा रचलेली. त्या ढिगाखाली टॅम्सिन. ओठ काळेनिळे. शिट्टीसुद्धा आता नीट वाजत नव्हती.

एनिडनं तिला उचलून स्वतःच्या कोटात घेतलं आणि टोपी कानांपर्यंत ओढली.

"अगं वेडे, चूल पेटवली होतीस, तर पोरीला तिच्याजवळ का नाही निजवलंस?"

"कसली चूल?" नोलीन म्हणाली. "आलो त्या रात्री पेटवायला गेले, तर सगळा धूर घरातच भरला. पोर गुदमरायला लागली. पाणी ओतून विझवली. त्यानंतर काडी लावायचीही हिंमत झाली नाही, एनिड. बाहेर पडावं, तर तो सगळीकडे गाडी घेऊन फिरत होता. वाटलं, आता इथेच… आपल्याला इथे कोण बघणार?"

एनिडनं चुलीत हात घातला. राखेचा गोठून दगड झाला होता.

पोरीला तिनं गाडीत नोलीनच्या मांडीवर दिलं. गाडीची ऊब लागली तशी ती क्षीण शिट्टी पुन्हा ऐकू येऊ लागली. आणखी एक रात्र तिनं काढली नसती, असं संध्याकाळी डॉक्टर सांगणार होते.

लेस कुठे गेला म्हणून एनिड घरामागे गेली. तिथे उतारामुळे छप्पर नजरेच्या पातळीवर यायचं. लेस टोपी काढून उभा होता. नॅनच्या कबरीपाशी उभा होता तसा.

"ती पॉसम जनावरं शिरतील म्हणून मीच बंद केलं हे धुराडं," तो हळूच म्हणाला. "आत पोती कोंबली. वर पत्रा ठोकला. तिला पुरून आलो, त्याच दिवशी."

पत्रा जागच्या जागी होता. त्यावर रात्रीचं गोठलेलं दव पांढरंशुभ्र साचलेलं होतं, आणि कुठेही, कडेलासुद्धा, ते वितळलेलं नव्हतं.