लाल नखं

"मावशी, आई मारेल गं मला!" मिहिका रडकुंडीला आली. कामवाल्या हौसाबाईंची नखं हौसेने लालचुटूक रंगवायच्या नादात पोरीने आईची नेलपॉलिशची बाटली गालिच्यावर लवंडली होती.

हौसाबाईंनी कागदाने रंग टिपला, व्हिनेगर चोळलं, सॅनिटायझर ओतलं. डाग काही हटेना. रिमूव्हर जेमतेम तळाशी उरलं होतं. आपली नखं पुसावीत की गालिचा? त्यांनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं डागावर ओतलं. गालिचा लख्ख झाला. नखं तशीच राहिली.

तेवढ्यात ताई आल्या. त्यांची नजर नेलपॉलिशच्या रिकाम्या बाटलीवरून थेट त्या नखांवर गेली.

"माझं नेलपॉलिश चोरून लावता? मिहिका, तू दिलंस का यांना?"

हौसाबाई निर्धास्तपणे पोरीकडे बघून हसल्या.

"नाही आई," मिहिका म्हणाली. "मी तर झोपले होते."