उलट्या बाजूचे झुपके

“अजून माघारी फिरता येईल,” ओस्मो तिसऱ्यांदा म्हणाला.

रस्त्याच्या मधोमध एक रेनडियर पिलाला घेऊन उभी होती आणि तिला कसलीच घाई नव्हती. हिल्काने मोटरहोम थांबवलं, इंजिन बंद केलं आणि थर्मासमधली कॉफी ओतून घेतली. इतकी वर्षं हे धूड ओस्मोच चालवायचा. हिवाळ्यात त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय थोडाफार परत आला. हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवर, खिडकीशी ठेवला तर खिडकीशी. म्हणून सत्तरी ओलांडलेल्या हिल्काने तीन दिवसांत नऊशे किलोमीटर गाडी हाकली होती. वर, तू चालवायचास तेव्हा हाडं जास्त खिळखिळी व्हायची, असंही ऐकवून झालं होतं.

ती कशाच्या ओढीने निघाली होती, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. उत्तरेला इनारी गावाच्या पुढे, रस्त्यापासून किलोमीटरभर आत, तळ्याकाठी एक लाकडी झोपडी आहे. तिला कुलूप नाही. येईल त्याने राहावं आणि जाताना पुढच्यासाठी चूल रचून ठेवावी, एवढाच तिथला नियम. लाकडांवर ठेवायचे ते पेटवणाचे झुपके. ढलपी चाकूने पातळ सोलत न्यायची, पण साल तुटू द्यायचं नाही, म्हणजे टोकाला कुरळा झुपका होतो. गारठलेल्या माणसाला मग एका आगकाडीत जाळ मिळतो.

यार्कोला, त्यांच्या एकुलत्या मुलाला, ओस्मोने हे त्याच झोपडीत शिकवलं होतं. पोरगा डावखुरा. त्याच्या झुपक्याची सालं सगळ्या जगाच्या उलट बाजूला कलायची. ओस्मो त्याच्या हातावर चापट मारून चाकू उजव्या हातात द्यायचा. पुढे एका फालतू भांडणात त्याने तिशीतल्या त्या पोराला सुनावलं, तुझा हातही उलटा आणि डोकंही उलटं, पुन्हा दारात दिसू नकोस. यार्को दिसला नाही. इनारीच्या शिक्क्याचं एक कार्ड आलं, आईच्या नावाने. बरा आहे, एवढंच. मग तेही नाही.

पहिल्या उन्हाळ्यात ती दोघं त्याला शोधत आली, तेव्हा हिल्का त्या झोपडीत बसून अशी रडली की ओस्मोला बघवेना. दुसऱ्या उन्हाळ्यापासून चुलीवर उलट्या बाजूचे झुपके दिसू लागले. दर वर्षी तीन. त्यातला एक हिल्का घरी नेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. खिडकीत आता सात झाले होते.

सातही ओस्मोचे. पुढे जाऊन चूल बघतो म्हणून तो निघायचा आणि हिल्का काळा पाव, मासे घेऊन मागून येईपर्यंत डाव्या हाताने कोरत बसायचा. उजवा अंगठा दर वर्षी कापायचा. डबा उघडताना लागलं, असं तो सांगायचा. ती काही न विचारता पट्टी बांधायची.

यंदा तो हातच उरला नव्हता. चुलीवर झुपके नाहीत म्हटल्यावर हिल्का एकच अर्थ काढणार होती, की पोरगा गेला. त्यापेक्षा आपणच खरं सांगावं, असं ओस्मोने ठरवलं. रेनडियर बाजूला झाली तरी त्याचा धीर होईना. गाडी पायवाटेशी लागली तेव्हा त्याने तोंड उघडलं, पण हिल्का खाली उतरली होती.

तू ये काठी टेकत, मी पुढे होऊन चूल बघते, असं म्हणून ती झाडांत दिसेनाशीही झाली.

ती वाट चालायला त्याला तास लागला. डास चावत होते आणि काठीवरचा हात सोडून त्यांना मारायची सोय नव्हती. काय बोलायचं ते त्याने मनात चार वेळा जुळवलं. झोपडीचं दार उघडंच होतं. हिल्का चुलीपाशी उभी होती.

“बघ,” ती म्हणाली, “येऊन गेलाय.”

तीन झुपके. तिन्हींची सालं उलट्या बाजूला कललेली.

ओस्मो बाकावर बसला. हे त्याने केलेले नव्हते. म्हणजे पोरगा खरोखरच इथे उभा होता, या चुलीसमोर, ही लाकडं त्याच्या हातची. “यार्को,” तो म्हणाला. कित्येक वर्षांत त्याच्या तोंडून हे नाव निघालं नव्हतं. त्याला इतकं भरून आलं की समोरचं नीट दिसेना.

मग त्याने एक झुपका हातात घेतला. सालं जाडीभरडी होती, दोन ठिकाणी पार तुटलेली. यार्को सात वर्षांचा असताना याहून बरे करायचा. लाकूड अजून ओलसर होतं आणि टोकाला लाल डाग होता. हिल्काचा उजवा हात कोटाच्या खिशात होता.

“हात दाखव,” ओस्मो म्हणाला.

तिने दाखवला. अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला होता. तिने न विचारता बांधलेल्या सात पट्ट्या त्याला एकेक करून आठवल्या. इथे आलं की लागतेच म्हणून यंदाही त्याने सवयीने पट्टीची गुंडाळी खिशात टाकली होती. ती त्याने काढली. एका हाताने बांधता येईना, तेव्हा दुसरं टोक तिने दातांत धरलं.

“पोराचा हात बिघडलाय यंदा,” गाठ मारताना तो म्हणाला.

“बसेल,” हिल्का दातांतूनच म्हणाली. “पुढच्या वर्षापर्यंत हात बसेल.”