सांगणारी

नाटकातूनही बुरुलचाला काढलं. मोलकरणीचं एकच वाक्य होतं, 'मालक येताहेत'. ते म्हणायला तिनं इतका वेळ घेतला की मालक आधीच येऊन उभे राहिले. सगळे हसून हसून लोळले.

त्याआधी वादविवाद मंडळ झालं होतं. तिथं तिला समोरच्याचंच पटायचं. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू यायचा तेव्हा ती भलतीकडे बघत असायची. नारिन शहरातल्या त्या कॉलेजात ती जाईल तिथून मान खाली घालून परत यायची.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," झानिबेक फोनवर चिडवायचा. तो तिचा थोरला भाऊ. आईबाप गेल्यावर स्वतःचं शिक्षण सोडून तो रशियात इमारतींच्या कामावर गेला, ते हिनं शिकावं म्हणून. "सगळं करून बघ. पण वसंतात मी येईन, तेव्हा एवढंच सांग, तू पुढं काय होणार."

तिला त्या प्रश्नाची धास्ती होती. भावानं आयुष्याचं मातेरं करून घ्यायचं आणि आपण नुसतंच हिंडायचं, असं तिला वाटायचं. ते अगदी खोटंही नव्हतं.

हिवाळ्यात ती लोकगीतांच्या मंडळात शिरली, कारण तेवढंच उरलं होतं. बुबुसायरा बाई तिथं जुनी रीत शिकवत. आमच्याकडे दूर कुठं आलेल्या मरणाची बातमी तोंडावर फेकत नाहीत. चार वडीलधारी येऊन बसतात आणि एकजण गाण्यातून आडून आडून सांगतो. घोडा परतलाय, खोगीर रिकामं आहे, असं काहीतरी. सांगणाऱ्यानं नाव घ्यायचं नाही. ऐकणाऱ्याला उमजलं की त्यानंच ते घ्यायचं. तोवर कुणी उठत नाही.

इथं बुरुलचाचा संथपणा कामी आला. एका म्हाताऱ्याला त्याच्या लेकीची बातमी तिनं सांगितली. तो खूप रडला आणि ती निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवून 'नीट सांगितलंस' म्हणाला. ही गोष्ट जिल्हा रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांच्या कानावर गेली. घरच्यांना वाईट बातमी सांगताना आमची भलीभली माणसं अडखळतात, शिक्षण संपलं की याच कामासाठी आमच्याकडे ये, असं त्यांनी तिला बोलावून सांगितलं.

असलंही काम असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. किती दिवसांनी ती पोटभर जेवली. दादाला हे फोनवर सांगायचं नाही, तो आला की तोंडावर सांगायचं, असं तिनं ठरवलं. उगाच बोलता बोलता निसटू नये म्हणून त्याला फोन करणंच थांबवलं.

बर्फ वितळू लागलं तेव्हा बाई तिच्या खोलीवर आल्या. एका घरचा मुलगा परमुलखात गेला, म्हणाल्या. मागं एकच माणूस उरलंय.

"त्या आईला दुसरं कुणीच नाही?" बुरुलचानं विचारलं.

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "कुणी नाही. शब्द तूच कर. दुसऱ्याचे शब्द तिला झेपायचे नाहीत."

"कसा होता तो?"

"हसरा. आपलं बाजूला ठेवून दुसऱ्याचं ओझं वाहणारा."

बुरुलचाला त्या न पाहिलेल्या आईची फार कणव आली. तिनं जीव ओतून शब्द जुळवले. पाखरं परतली, थव्यात एक जागा मोकळी आहे. दार उघडं ठेवू नकोस गं, आता नुसता वाराच येईल.

ठरल्याप्रमाणे ती बाईंच्या घरी गेली. वडीलधारी आधीच येऊन बसली होती. त्यांत तिच्या गावचे जुमाबाय आजोबा होते, शेजारची केन्जेकान मावशीही होती. आपल्याच गावातलं कुणी गेलं असणार, हे तिच्या लक्षात आलं. कोण, ते विचारायचा धीर झाला नाही. आजोबांनी आधी इथंच म्हणून दाखवायला सांगितलं.

तिनं म्हटलं, अगदी सावकाश. मावशीनं रुमालात तोंड लपवलं. शब्द संपले तरी कुणी चहाला हात लावला नाही.

"निघू या ना," बुरुलचा म्हणाली. "ती माउली वाट बघत असेल."

कुणी उठलं नाही. बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"कुठं जायचं नाहीये, पोरी. नाव घे."