मानपत्रातलं एक वाक्य

"मानपत्र गुरुवारपर्यंत हवंय हो, फ्रेमवाला थांबलाय," सत्कार समितीचे पाटकर फोनवर म्हणाले. चारुताच्या टेबलावर मिक्सरची माहितीपुस्तिका आणि एका पतसंस्थेचा अहवाल अर्धवट पडला होता. जो जे मागेल ते लिहून द्यायचं, हाच तिचा व्यवसाय. ती हो म्हणाली. मग पाटकरांनी सत्कारमूर्तींचं नाव सांगितलं: डॉ. धामणकर.

वीस वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे पीएचडी करत होती. खारफुटीच्या मुळांत मीठ रोखणारा एक जिवाणू तिला सापडला आणि सरांनी तो शोधनिबंध एकट्याच्या नावावर छापला. तिने तक्रार केली, तेव्हा तिला प्रयोगशाळेतून काढलं. तिची प्रयोगवही तिथेच राहिली.

तिने मानपत्र लिहिलं. ऋषितुल्य, ज्ञानयोगी, सगळं घातलं. मधे एकच खरं वाक्य ठेवलं: 'हा जिवाणू प्रथम त्यांच्या विद्यार्थिनीला दिसला.'

मसुदा वाचून धामणकरांनी स्वतःच फोन केला. लग्नानंतर तिचं आडनाव बदललं होतं. त्यांनी ओळखलं नाही.

"फार छान उतरलंय. ते विद्यार्थिनीचं तेवढं काढा. कुणी सांगितलं तुम्हाला? होती एक, काचेच्या बशा धुवायची."

दाखवायला चारुताकडे तेव्हाही काही नव्हतं, आजही नव्हतं. तिने ते वाक्य खोडलं.

"काढलं, सर."

"वा! विज्ञान चांगलं समजतं हो तुम्हाला," ते कौतुकाने म्हणाले. "पुढे शिकायला हवं होतं तुम्ही."