चारचे थेंब

जीप पुन्हा थांबली. ड्रायव्हरला अजून दोन शिटा हव्या होत्या.

"अहो, चला ना! चारची जुन्नर गाडी गाठायचीय मला," भिंगारदिवे सिस्टर म्हणाल्या.

"दोन मिन्टं, सिस्टरबाई. एष्टी कुठं येळंवर सुटती?"

तेवढीच काय ती आशा होती. सिस्टरांनी घड्याळात पाहिलं. पावणेचार. घोडेगाव अजून वीस मिनिटांवर. त्यांना बसवेना आणि उतरून पळावं तर तेही शहाणपणाचं नव्हतं. चूक आपलीच, हे त्यांच्या मनानं पक्कं धरलं होतं.

डोंगरातल्या वाडीत उपकेंद्राच्या नर्स म्हणून येऊन त्यांना चार वर्षं झाली होती. त्या मूळच्या नगरच्या. संध्याकाळी ओट्यावर बसून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं, हा नेम. वाडीला त्याचं काही वाटत नसे. ज्याची त्याची पोथी.

सोमवारी साळुबाई त्या ओट्यावर येऊन टेकली होती. शिबिरात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. रोज आठ, बारा, चार, पुन्हा आठ, असे घड्याळ लावून थेंब टाकायचे होते. पण साळुबाईचा हात कापायचा. तिनं डोळ्यासाठी सोडलेला थेंब कानात पोचायचा. म्हणून सिस्टरांनी तिच्या सुनेला, आरतीला शिकवलं होतं. आधी हात धुवायचे, मग थेंब, आणि वेळ चुकवायची नाही.

ही आरती नवऱ्यानं टाकलेली. साळुबाईचा सुभाष तीन वर्षांपूर्वी कल्याणला कामाला गेला आणि तिथंच त्यानं दुसरी केली. घरी चिठ्ठी नाही की चपाटी नाही. आरती मात्र सासूबरोबर भात लावत राहिली.

"टाकल्यालीचं काय लिवलंय का वं तुमच्या पोथीत?" साळुबाईनं विचारलं होतं.

सिस्टर हरखल्या. त्याही टाकलेल्याच होत्या. नवऱ्यानं हाकललं त्या वर्षी याच पुस्तकानं त्यांना जगवलं होतं. त्यांनी भराभर पानं उलटून एका सासूची गोष्ट काढली. परमुलखात तिचा नवरा वारला, मागोमाग दोन्ही मुलगेही वारले. ती सुनांना म्हणाली, पोरींनो, माझ्यापाशी आता काय उरलंय? आपापल्या माहेरी जा, नवा संसार मांडा. एक सून रडली आणि गेली.

एवढ्यात जानकू धावत आला. त्याची बायको अडली होती. सिस्टरांनी पुस्तक मिटलं. मग घोडेगाव, तिथून पुढं मोठा दवाखाना. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण त्यात तीन दिवस मोडले. आज दुपारी त्या परतल्या, तर साळुबाईच्या दाराला कडी.

"सुनंला मढला तिच्या भावाकडं धाडाया गेलीया," शेजारच्या अंबाबाईनं सांगितलं. "चारच्या जुन्नर गाडीत बसवणार हाय. पोरगी लई रडली, पर म्हातारी काय आयकंना. म्हणली, पोथीतल्या सासूनं बी तेच केलं. मी काय माज्या डोळ्यापायी पोरीचा जलम बांधून ठिवू?"

एकदा नवऱ्यानं टाकलेल्या पोरीला आता सासूही सोडत होती, तीही आपण वाचलेल्या गोष्टीवरून. सिस्टर तशाच उलट्या पावली जीपकडे धावल्या होत्या.

जीप घोडेगावच्या स्टँडवर पोचली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आणि एरवी अर्धा तास लोळणारी एसटी नेमकी आजच वेळेवर सुटली होती.

साळुबाई बाकड्यावर एकटीच होती. शेजारी एक गाठोडं. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले. उजव्या गालावरून पाणी ओघळत होतं.

सिस्टर तिच्यापाशी मटकन बसल्या.

"साळुबाई, अर्धीच गोष्ट ऐकलीत हो तुम्ही! चुकलं माझं. ती दुसरी सून गेलीच नाही. सासूला बिलगली. म्हणाली, मला माघारी धाडू नका, मरेपर्यंत मी तुमचीच. मग त्याच सासूनं पुढं तिच्यासाठी चांगलं घर पाहिलं. नातू मांडीवर खेळवला. माणसांनी टाकलं तरी देवानं त्या दोघींना टाकलं नाही." "उद्या पहिल्या गाडीनं मढला जाऊ आपण. आरतीला घेऊन येऊ. रडू नका तुम्ही."

साळुबाईनं मान हलवली नाही.

"रडतंय कोण? थेंब हायती ते."

"थेंब? अहो, पण टाकले कुणी?"

"आरतीनं. च्या आणाया गेलीया." मिटल्या डोळ्यांनीच साळुबाई हसली. "गाडी हालली अन् पोरीनं वराडून थांबिवली. गाठुडं घिऊन खाली उतरली, नळावर जाऊन हात धुतलं. म्या म्हणलं, आगं, काय राह्यलं? तर म्हणली, आत्या, चार वाजले."