तेलाचा काटा

आशागडच्या गॅरेजात लाहूचा जुना ट्रक धडधडत उभा होता आणि त्याचा ऑइल प्रेशरचा काटा घडीत वर, घडीत शून्यावर नाचत होता. गाडीच्या मालकाने, शेठने, सकाळीच बजावलं होतं, “मीटर बिघडला असेल तर बदलून घे. इंजिनाचं काम निघालं, तर गाडी सरळ भंगारात घालीन.” बावीस वर्षं लाहूने तिच्यातून बोर्डीचे चिकू वाहिले होते. लेकरांच्या आधी तिची कुरकुर त्याच्या कानी पडायची.

“वायर बघा ना, दीपेशभाई,” लाहू मेकॅनिकला म्हणाला.

“नवी टाकली.”

“मग सेन्सर असेल.”

“तोही बदलला, लाहूदादा. आता तेलालाच विचारू.” इंजिन बंद करून दीपेशने सेन्सर काढला, आपला हातातला मीटर थेट इंजिनाला जोडला आणि गाडी पुन्हा चालू केली. त्याचाही काटा वर चढला नि धपकन खाली आला.

“तुमचा मीटर पण बिघडलाय,” लाहू कसाबसा म्हणाला.

“ऑइल पंप गेलाय, दादा. इंजिनाचंच काम आहे.”

लाहू मडगार्डला टेकून लहान पोरासारखा रडू लागला. तेवढ्यात त्याच्या खिशात शेठचा फोन वाजला. दीपेशनेच तो काढून कानाला लावला.

“शेठ, मीटरच आहे. जुन्या गाडीचा, इथं मिळत नाही. वापीहून मागवतो, तीन दिवस लागतील.”

फोन ठेवून त्याने कोपऱ्यात पडलेल्या, तसल्याच एका मोडक्या ट्रककडे बोट केलं. “तिचा पंप चांगला आहे. आणि तीन दिवस काय रडायला नाही मागितले, दादा. चला, घाला गाडीखाली पाठ.”